बारावीला 68.33 टक्के असताना गणिताच्या नामवंत संस्थांकडे अर्ज करावा का?

जुळे सोलापूरची आई | 9 जून

सर्वांना सप्रेम नमस्कार. आजवर मी येथे केवळ वाचत आले. आज मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न घेऊन प्रथमच लिहीत आहे. मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि माझ्या यजमानांचा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा लहानसा कारखाना आहे.

आमच्या मुलीचा बारावी विज्ञान शाखेचा निकाल गेल्या महिन्यात लागला. तिला 600 पैकी 410 गुण मिळाले. गणित 88, मराठी 72, माहिती तंत्रज्ञान 72, इंग्रजी 63, भौतिकशास्त्र 61 आणि रसायनशास्त्र 54, अशी विषयवार विभागणी आहे. दहावीला तिला 93 टक्के होते, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी निकाल विचारतो आणि मग एकदम गप्प होतो.

झाले असे, की दिवाळीनंतर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या 23 दिवस रुग्णालयात होत्या आणि घरी आणल्यावरही फेब्रुवारीपर्यंत त्यांना एकटे ठेवता येत नव्हते. मी शाळेत आणि हे कारखान्यावर असताना त्यांच्याजवळ थांबायला मुलीशिवाय दुसरे कोणी नव्हते. तिची सराव परीक्षा बुडाली, रसायनशास्त्राची बरीच प्रात्यक्षिके बुडाली. तिने कधी तक्रार केली नाही, आणि आम्ही तिला वेळेवर मोकळे केले नाही याची खंत माझ्या मनातून जात नाही.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. एका दुपारी मी डबा घेऊन रुग्णालयात गेले, तेव्हा औषधाच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड चालली होती. सासूबाईंना बोलता येत नव्हते, पण डाव्या हाताची बोटे हलत होती. त्या बोटांनी एकेक अंक दाखवीत आणि मुलगी लिहून घेई. त्या दिवशीची संख्या 3524 होती. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली, की 5432 वजा 2345, म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378, म्हणजे 8352. आणि 8532 वजा 2358, म्हणजे 6174. पुढे कितीही केले तरी 6174 हीच संख्या येत राहते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा हा शोध तिने आजीला दाखविला होता आणि आजी रोज नवी संख्या देऊन तो पडताळून पाहत होती.

तिला गणितच शिकायचे आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही नावे तिने अकरावीपासून वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहेत. निकालानंतर आम्ही शहरातील एका शिकवणीवर्गाच्या संचालकांना भेटलो. त्यांनी गुणपत्रिका पाहिली आणि "अडुसष्ट टक्क्यांवर तिथे कोणी उभे करणार नाही, अर्जाचे पैसे वाया घालवू नका," असे मुलीसमोरच सांगितले. त्या दिवसापासून ती वही कपाटात गेली आहे.

या संस्था बारावीचे गुण खरोखर पाहतात का, एक वर्ष थांबणे शहाणपणाचे आहे का, आणि जिथे गुण कमी पडण्याचे कारण विचारतात तिथे ते कसे लिहावे, एवढे कोणी जाणकाराने सांगितले तर मी ऋणी राहीन.

फळा आणि खडू | 9 जून

ताई, मी एका कनिष्ठ महाविद्यालयात 22 वर्षे गणित शिकवीत आहे. तुमचा प्रश्न मला दर वर्षी निकालानंतर कोणी ना कोणी विचारतो, आणि दर वर्षी असे दिसते, की मुलाला संस्थेने नाकारलेलेच नसते. घरच्यांनी किंवा शिकवणीवाल्यांनी परस्पर नाकारलेले असते. म्हणून सविस्तर लिहितो.

बारावीचे गुण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कामासाठी वापरले जातात. काही ठिकाणी ते उंबरठ्यासारखे असतात, म्हणजे तेवढे असले की पुढे त्यांचा विचार होत नाही. आपल्या राज्यात अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र आणि गणितासह ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात आणि गुणवत्ता यादी सामाईक प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. पुण्याचे 1854 सालचे सीओईपी असो की मुंबईचे 1887 सालचे व्हीजेटीआय असो, या जुन्या नामवंत अभियांत्रिकी संस्थांनाही नियम तोच आहे. आयआयटी आणि एनआयटीचा उंबरठा मात्र उंच आहे. तिथे जेईईतील क्रमांकाबरोबर बारावीला 75 टक्के, किंवा आपल्या मंडळातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 65 टक्क्यांची आहे. तुमच्या मुलीला ही वाट आजच्या गुणपत्रिकेवर अवघड आहे आणि हे मी लपवणार नाही.

आता तिने वहीत लिहिलेली दोन नावे पाहू. चेन्नईची संस्था 1989 साली सुरू झाली आणि तेथील पदवीचा प्रवेश मुख्यतः तिच्या स्वतःच्या लेखी परीक्षेवर होतो. प्रश्नपत्रिकेचे दोन भाग असतात. अ भागात थोडक्यात उत्तरे द्यायची असतात आणि तिथे पुरेसे गुण मिळाले तरच ब भाग तपासला जातो. ब भागात पूर्ण सिद्धता लिहावी लागते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली स्थापन केलेली संस्था. तिचा संख्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम कोलकात्याला आणि गणिताचा बंगळुरूला आहे. तिथेही सकाळी बहुपर्यायी आणि दुपारी वर्णनात्मक अशा दोन प्रश्नपत्रिका असतात. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत अलीकडे 30 प्रश्न येतात. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला शून्य, आणि जो प्रश्न सोडवला नाही त्याला 1 गुण. मला येत नाही हे ओळखून प्रश्न रिकामा सोडणाऱ्या विद्यार्थ्याला ती संस्था गुण देते, यावरून तिला कोणत्या स्वभावाची मुले हवी आहेत हे कळते. तुमच्या मुलीचे रसायनशास्त्रातले 54 गुण या दोन्ही ठिकाणी यादी लावताना कोणी मोजत नाही.

पण म्हणून हे सोपे आहे असे कृपया समजू नका. जागा मोजक्या आहेत आणि राष्ट्रीय ऑलिम्पियाडच्या तयारीतून आलेली मुले समोर असतात. मंडळाच्या परीक्षेतील 88 गुण आणि ही परीक्षा यांत मोठे अंतर आहे. एक साधे उदाहरण देतो. "कोणत्याही पूर्णांक संख्येच्या घनातून ती संख्या वजा केली, तर उत्तराला 6 ने भाग जातो हे सिद्ध करा." हे मुलीला द्या आणि तिने काय लिहिले ते मला कळवा. उत्तर बरोबर की चूक एवढ्यापुरते पाहू नका, तिने कसे लिहिले ते जसेच्या तसे सांगा.

सात रस्ता | 10 जून

मी निवृत्त बँक अधिकारी आहे आणि दोन नातवंडांच्या प्रवेशांची धावपळ जवळून पाहिली आहे. सरांचे म्हणणे माहितीच्या दृष्टीने बरोबर आहे, पण आईवडिलांनी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. वर्षभर घरी बसून एका परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या मनावर जो ताण येतो, तो मी पाहिला आहे. माझा मोठा नातू बारावीनंतर एक वर्ष थांबला आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेलासुद्धा तो घराबाहेर पडला नाही, कारण रस्त्यात कोणी "सध्या काय करतोस" असे विचारील याची त्याला धास्ती होती. या मुलीने आधीच एक कठीण वर्ष काढले आहे. तिला दुसरे तसेच वर्ष देऊ नये.

सोलापुरात संगमेश्वर आहे, दयानंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तिथे विज्ञानाचे शिक्षण घेतले आहे. तिथे बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा, कॉलेजच्या वेळेनंतर तयारी करावी आणि पुढच्या वर्षी परीक्षा द्यावी. यश आले तर उत्तम, न आले तर वर्ष हातचे जात नाही.

फळा आणि खडू | 10 जून

काकांशी मी पूर्ण सहमत आहे. प्रवेश घेऊन तयारी करणे हाच मार्ग मीही सुचवणार होतो.

जुळे सोलापूरची आई | 11 जून

सर, तुमचा प्रश्न काल रात्री जेवणानंतर तिला दिला. तिने आधी 1 पासून 10 पर्यंत संख्या घेऊन प्रत्येक उत्तराला 6 ने भागून दाखविले आणि "प्रत्येक वेळी भाग जातो" असे लिहून वही माझ्याकडे दिली. मी ती मिटवणार तोच तिने परत मागितली आणि म्हणाली, "आई, हे दहा वेळा झालं. अकराव्या वेळी का होईल, ते मी कुठे सांगितलंय?" साडेअकरापर्यंत ती बसली होती. सकाळी चहाच्या वेळी तिने जे दाखविले ते असे होते, की ती वजाबाकी म्हणजे लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार आहे; लागोपाठच्या तीन संख्यांत एक तरी सम असते आणि एक नेमकी 3 ने भाग जाणारी असते; म्हणून 6 ने भाग गेलाच पाहिजे. मला स्वतःला हे कळायला दोन वेळा वाचावे लागले.

फळा आणि खडू | 11 जून

ताई, दहा उदाहरणे झाल्यावर वही परत मागणे, हीच त्या परीक्षेची पात्रता आहे. तिला अर्ज करू द्या. कपाटातली वही बाहेर काढायला सांगा.

हुतात्मा एक्सप्रेस | 12 जून

मी मूळची सोलापूरची असून पुण्याच्या आयसरमधून, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतून, शिकले आहे. 2006 साली सुरू झालेल्या या संस्थेचे नाव येथे अजून आले नाही म्हणून लिहिते. आयसरची स्वतःची अभिक्षमता चाचणी असते. तीन तासांत 60 प्रश्न असतात आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी 15 प्रश्न येतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीला 1 गुण वजा होतो. खुल्या प्रवर्गासाठी बारावीला 60 टक्क्यांची अट आहे, म्हणजे 68.33 वर ती बसू शकते. बारावीनंतर ठरावीक काळापर्यंतच ही चाचणी देता येते, तेव्हा तिने ती पुढच्या वर्षीच द्यावी. तिच्याकडे जीवशास्त्र नव्हते, त्यामुळे 60 पैकी 15 प्रश्नांवर तिला जवळजवळ पाणी सोडावे लागेल. मीही तसेच केले होते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. माझेही रसायनशास्त्र कच्चे होते आणि प्रवेश मिळाल्याच्या आनंदात मी ते विसरले. पहिल्या दोन सत्रांत ते सर्वांना सक्तीचे होते, आणि ज्या गोष्टी वर्गातील इतर मुले अकरावीतच शिकून आली होती, त्या मी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत रात्री दोन वाजता प्रथमच वाचत होते. पहिल्या सत्रानंतर मी घरी फोन करून परत येते असे सांगितले होते. बाबांनी एक शब्दही न बोलता पुढच्या हुतात्माने पुणे गाठले, दिवसभर माझ्याबरोबर बसले आणि संध्याकाळी परत गेले. मी टिकले, पण कमी गुणांच्या मागे जे न शिकलेले राहिलेले असते, ते पुढे आपल्याबरोबर येते. तुमच्या मुलीने प्रवेश कुठेही घेतला, तरी बुडालेले रसायनशास्त्र या उन्हाळ्यात भरून काढावे. परीक्षेसाठी नव्हे, स्वतःसाठी.

सात रस्ता | 12 जून

रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविली आहे का? पुनर्मूल्यांकनाला अर्ज करायचा तर मंडळाच्या नियमाप्रमाणे आधी छायाप्रत घ्यावी लागते. त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते.

जुळे सोलापूरची आई | 12 जून

काका, छायाप्रत घेतली होती. तपासणीत काही चूक नाही. जे तिने लिहिले नाही त्याचेच गुण गेले आहेत. श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा बसण्याचाही विचार केला, पण त्यासाठी सर्व विषय पुन्हा द्यावे लागतात आणि ती त्याला तयार नाही.

होटगी रोड | 14 जून

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. माझ्या भाचीने तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतील महाविद्यालयांना आणि बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाला एकाच वेळी अर्ज केले होते आणि तिचे सगळे कागद मी तिच्याबरोबर बसून तयार केले होते. तिचीही अकरावी बिघडली होती.

अझीम प्रेमजी विद्यापीठात पदवीसाठी त्यांची प्रवेश चाचणी आणि मुलाखत असते, गणिताचा अभ्यासक्रम आहे, आणि कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळते. मुलाखतीत माणूस समोर असतो, त्यामुळे गुण का कमी पडले हे सांगायला जागा मिळते.

अमेरिकेची पद्धत पूर्ण वेगळी आहे. तिथे नववी ते बारावी अशा चारही वर्षांच्या गुणपत्रिका जातात, 650 शब्दांपर्यंतचा निबंध लागतो, शिक्षकांची पत्रे लागतात आणि शाळेकडून एक अहवाल जातो. आपल्याकडे हा अहवाल लिहिणारा समुपदेशक कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा नसतो, म्हणून प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना विनंती करावी लागते. त्यात त्या महाविद्यालयात किती विद्यार्थी आहेत, परीक्षा कोणत्या मंडळाची असते, सर्वाधिक गुण किती पडतात, हे स्पष्ट लिहिणे फार महत्त्वाचे असते. नाही तर आपल्या मंडळातील 72 गुणांची किंमत तिकडे वाचणाऱ्याला कळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा थोड्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता निवड करतात आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. परंतु हार्वर्ड किंवा एमआयटी 100 अर्जदारांतून पाचसुद्धा घेत नाही. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली, की निवडीची शक्यता घटते. भाचीला अमेरिकेतून एकही होकार आला नाही, हे प्रांजळपणे सांगते. विचार असेलच तर अमेरिकन सरकारचे एज्युकेशनयूएसए हे केंद्र प्राथमिक सल्ला विनामूल्य देते. दलालांच्या मागे लागू नये.

कारण लिहिण्याबद्दल भाचीच्या वेळी जे शिकले ते असे. कारण निबंधात लिहू नये. निबंध मुलीचा असतो, आजारपणाचा नसतो. त्यासाठी अर्जात अधिक माहितीची वेगळी जागा असते. तिथे काय घडले, केव्हा घडले, त्याने कोणते काम बुडाले आणि नंतर मी काय केले, एवढेच लिहावे, आणि तेच शिक्षकांच्या पत्रात त्यांच्या शब्दांत यावे, म्हणजे वाचणाऱ्याला दुसरा साक्षीदार मिळतो. तुम्ही काही लिहिले असेल तर येथे द्या, मी पाहते.

जुळे सोलापूरची आई | 16 जून

मी लिहून पाहिले आहे. पूर्ण मजकूर दीड पानांचा झाला, म्हणून सुरुवात देते: "नियतीने आमच्या कुटुंबावर अचानक घाला घातला आणि ज्या वयात मुली मैत्रिणींबरोबर हसतखेळत असतात, त्या वयात माझ्या खांद्यावर जबाबदारीचा डोंगर कोसळला. रात्ररात्र जागून मी आजीची सेवा केली, परंतु माझ्या स्वप्नांची मात्र होळी झाली…"

होटगी रोड | 16 जून

ताई, रागावू नका, पण यात मला तुम्ही दिसता, मुलगी दिसत नाही. ही खंत तुमची आहे आणि ती खरी आहे. तिची जागा या अर्जात नाही. पहिल्या दिवशी तुम्ही येथे जे लिहिले होते, "रसायनशास्त्राची बरीच प्रात्यक्षिके बुडाली," त्या एका वाक्यात या दीड पानापेक्षा अधिक आहे. किती बुडाली ते प्रयोगवहीत मोजा. आणि हे तिलाच लिहू द्या.

जुळे सोलापूरची आई | 18 जून

वाचून आधी वाईट वाटले, मग पटले. कागद मुलीपुढे ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेले. तिने लिहिलेले जसेच्या तसे देते:

"बारावीच्या वर्षी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत माझी आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती आणि आईवडील कामावर असताना तिच्याजवळ मी थांबत असे. त्या काळात माझी सराव परीक्षा आणि रसायनशास्त्राची 9 प्रात्यक्षिके बुडाली. जून महिन्यापासून मी तो अभ्यास पुन्हा करीत आहे. आजी आता आधाराने चालते."

शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे?

होटगी रोड | 18 जून

ठेवावे. एक शब्दही बदलू नका.

हुतात्मा एक्सप्रेस | 18 जून

ठेवाच.

फळा आणि खडू | 2 जुलै

प्रवेशांची गडबड आता संपली असेल, म्हणून पुढचे लिहितो. ताई, मुलीला हेही माहीत असावे, की बारावीनंतरची निवड ही एकच संधी नाही. बी.एस्सी. करणाऱ्या मुलांसाठी 1993 पासून एमटीटीएस नावाचे उन्हाळी गणित शिबिर चालते, प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी ते सुरू केले. तिथे व्याख्यान ऐकत बसायचे नसते. शिक्षक प्रश्न विचारत राहतात आणि मुलांनी फळ्यावर येऊन सिद्धता मांडायची असते. लहान गावांतील महाविद्यालयांतून आलेल्या किती तरी मुलांना तिथे प्रथम कळते, की आपल्याला गणित येते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धाही असते. पुढे एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, आणि चेन्नईची संस्था, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) पदवीनंतर आपापल्या परीक्षेने पुन्हा विद्यार्थी घेतात. बारावीला जिथे प्रवेश मिळाला नाही, त्याच संस्थेत तीन-चार वर्षांनी गेलेले माझे दोन विद्यार्थी आहेत.

नवी पेठ | 5 जुलै

दिल्ली विद्यापीठाचा कोणी विचार केला आहे का? माझ्या मुलाच्या वेळी तिथे बारावीच्या टक्केवारीवरच प्रवेश होता आणि काही महाविद्यालयांची पहिली यादी 100 टक्क्यांना लागत असे.

फळा आणि खडू | 5 जुलै

ते 2022 पासून बदलले. आता केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा सीयूईटी देऊन प्रवेश होतो आणि दिल्लीत बारावीचे गुण मुख्यतः दोघांची बरोबरी झाली तरच पाहतात. चांगली आठवण केलीत. तिच्या यादीत हे नाव असायला हरकत नाही.

जुळे सोलापूरची आई | 21 नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. मुलीने येथेच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी आजीजवळ दोन तास, आणि संध्याकाळी कारखान्याच्या ऑफिसात तिचे टेबल आहे. मागांचा आवाज असतो, पण तिला त्याची लहानपणापासून सवय आहे. रसायनशास्त्राचे राहिलेले प्रयोग तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवानगी घेऊन पूर्ण केले.

सरांना सांगण्यासारखी एक गोष्ट घडली. एका नव्या टॉवेलमध्ये किनारीची नक्षी 48 धाग्यांनी आणि मधली नक्षी 36 धाग्यांनी फिरून येत होती, आणि कापताना प्रत्येक टॉवेलची नक्षी वेगळ्याच ठिकाणी तुटत होती. कारागीर मागाला दोष देत होते. तिने सांगितले, की दोन्ही नक्ष्या 144 धाग्यांनी एकत्र सुरू होतात, म्हणून टॉवेलची लांबी 144 च्या पटीत धरा. ह्यांनी तशी धरली. त्या दिवशी जेवताना हे मला हळूच म्हणाले, "अर्ज कुठे कुठे करायचे आहेत, ते सगळे करू."

सात रस्ता | 21 नोव्हेंबर

वाचून फार समाधान वाटले. प्रत्येक अर्जाची अंतिम तारीख संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ऐकीव तारखांवर अवलंबून राहू नये.

जुळे सोलापूरची आई | 24 मे

सर्वांना नमस्कार. तिच्या वहीतल्या दोन्ही संस्थांच्या परीक्षा झाल्या. परीक्षेसाठी आम्ही आदल्या दिवशी पुण्याला गेलो होतो. उन्हाचा त्रास झाला, पण तिची तब्येत ठीक राहिली. इंडियन स्टॅटिस्टिकलच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत तिने 6 प्रश्न रिकामे सोडले. दुपारच्या 8 प्रश्नांपैकी 4 पूर्ण आणि 2 अर्धे सुटले असे ती म्हणते. निकाल यायचे आहेत. आयसरची चाचणी अजून बाकी आहे.

बंगळुरूच्या एका विद्यापीठाची मुलाखतही झाली. रसायनशास्त्राच्या 54 गुणांबद्दल त्यांनी विचारले आणि तिने त्या चार वाक्यांत होते तेच सांगितले. तो विषय एका मिनिटात संपला. उरलेला सगळा वेळ ते तिला टॉवेलच्या नक्षीबद्दल विचारत होते, आणि नक्ष्या दोनऐवजी तीन असतील तर काय होईल हे तिथल्या फळ्यावर मांडायला लावले. सध्या तिचे नाव प्रतीक्षा यादीत आहे.

आता प्रश्न असा आहे, की येथील महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची सूचना लवकरच लागेल. निकालांची वाट पाहावी की भरून टाकावे?

फळा आणि खडू | 24 मे

भरून टाका, ताई. दुसरीकडे निवड झाली तर येथून दाखला काढून घेता येतो आणि शुल्कपरताव्याचे नियम आहेत. निवड झाली नाही आणि येथील जागाही गेली, असे होऊ देऊ नये. त्याच वेळी स्थलांतर प्रमाणपत्राची चौकशीही करून ठेवा, कारण राज्याबाहेर जायचे झाले तर ते मागतील आणि ते मिळायला वेळ लागतो.

जुळे सोलापूरची आई | 25 मे

सर, सूचना लागताच शुल्क भरू. न सुटलेल्या दोन प्रश्नांपैकी एक तिने काल रात्री सोडवला. दुसरा आठवणीने वहीत उतरवून ठेवला आहे आणि त्यावर अजून काम चालू आहे. रविवारी तुमच्याकडे घेऊन आली तर चालेल का?

फळा आणि खडू | 25 मे

अवश्य. सकाळी दहा वाजता यावे. प्रश्न मला आधी सांगू नये. तिलाच फळ्यावर मांडू द्या.